डब्याच्या तळाचा नंबर

एक

कुलूप शाबूत होतं. काकांनी किल्ली फिरवली, कपाट उघडलं, आणि तिसऱ्या खणात जिथे दोनशे बारा आणि दोनशे तेरा नंबरचे डबे असायला हवे होते, तिथे धुळीत दोन गोल तेवढे उरले होते.

नमुन्यांच्या खोलीत चार माणसं उभी होती. किल्ली हातात धरलेले काका, ही खोली गेली पंचवीस वर्षं सांभाळणारे. सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेले प्रयोगशाळेचे साहेब. बाळांची दूध पावडर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस, ज्याला त्याच्या जिभेमुळे सगळे गोडबोल्या म्हणत. आणि दशांशबाई.

बाईंचं हे नाव प्रयोगशाळेनंच पाडलेलं. बावीस वर्षं त्या खाण्यापिण्याच्या पदार्थांत काय आहे आणि लेबलावर काय लिहिलंय याचा मेळ घालत होत्या, आणि दशांशचिन्ह एक घर सरकलं तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. नियमाच्या तर इतक्या पक्क्या, की लेक चौथीत असताना तिच्या दप्तरात प्रयोगशाळेची पेन्सिल सापडली, तेव्हा तिला भर उन्हात ती परत करायला पाठवलं होतं. अशा माणसाचा सगळे मान राखतात, पण त्याला मनातलं सहसा कुणी सांगत नाही.

भानगड आदल्या दिवशी सुरू झाली होती. हॉस्पिटलमधून एक उघडलेला डबा आला. चार महिन्यांचं बाळ, उलट्या थांबत नाहीत, पोट साफ होत नाही, लंगोट मात्र सारखा ओला, वजन उतरलेलं, आणि रक्तात कॅल्शियम भलतंच चढलेलं. डॉक्टरीणबाईंनी बाळ काय पितं ते विचारून डबाच पाठवून दिला. बाईंनी तपासलं तर ड जीवनसत्त्व लेबलावर होतं त्याच्या साठपट! बाईंनी यंत्र धुतलं, नव्यानं पावडर मोजली, पुन्हा तपासलं. पुन्हा साठपट.

आणि याच बॅचचा डबा साडेतीन महिन्यांपूर्वी बाईंनीच तपासून ‘लेबलाप्रमाणे’ असा शेरा मारला होता. खाली सही त्यांचीच.

खरं काय ते ठरवायला राखीव डबे होते. प्रत्येक बॅचचे तीन डबे यायचे, एक तपासायचा आणि दोन न उघडता कपाटात बंद करायचे, वाद झालाच तर पुरावा म्हणून. दोन महिन्यांनी त्यांची मुदत संपायची, पण नष्ट करायचा दिवस वर्षातून दोनदाच येई, तोवर ते तिथेच असत. म्हणजे असायला हवे होते.

“संध्याकाळी पाचला मला निर्णय द्यायचाय,” साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. “बाजारातला सगळा माल उचलायचा की नाही. हजारो घरांत हीच पावडर आहे.”

त्या हजारो घरांत एक त्यांचं होतं. लेक बाळंतपणाला आली होती, नात तीन महिन्यांची, आणि लेकीचं दूध पुरेना तेव्हा ‘मी स्वतः तपासलेली आहे, हीच आण’ असं बाईंनीच सांगितलं होतं. या कंपनीचे रिकामे डबे घरात इतके झाले होते की एकात बटणं होती, एकात कपड्यांचे चिमटे.

त्या व्हरांड्यात गेल्या आणि लेकीला फोन लावला.

“बाळाच्या डब्याच्या तळाचा नंबर वाच बरं.”

“का गं?”

“वाच म्हणते ना.”

चाचणीचा निकाल जाहीर होण्याआधी बाहेर बोलायचा नाही हा नियम बाईंनी आजवर नवऱ्याच्या बाबतीतही मोडला नव्हता. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग “थांब हं,” असं पुटपुटणं, काहीतरी खडखड वाजल्याचा आवाज, आणि लेकीनं एका दमात नंबर वाचला.

वेगळा होता. दुसऱ्याच बॅचचा! बाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी भिंतीला हात टेकला.

दोन

“मी चोरू तो डबा?” गोडबोल्याच्या जिभेवरची साखर आज पार विरघळली होती. “ताई, तो चांगला निघाला असता तर मी सुटलो असतो. आता तर मी मेलोच.”

“गेल्या गुरुवारी तुम्ही नमुन्यांच्या खोलीत वीस मिनिटं होतात. वहीत नोंद आहे.”

“कॅलेंडर द्यायला गेलो होतो. काकांनी चहा पाजला.” त्यानं रुमालानं मान पुसली. “ताई, मलाही दोन पोरं आहेत. दोघंही आमच्याच पावडरीवर वाढली. मला एवढंच सांगा, बाकीचे डबे कसे असतील?”

बाईंना त्याचा राग यायला हवा होता, पण त्याची भीती खरी वाटत होती.

काका त्यांच्या स्टुलावर अंग चोरून बसले होते. कपाटाच्या दोन किल्ल्या होत्या, एक त्यांच्याकडे आणि एक साहेबांकडे. त्यांच्या कपाळावर घाम होता.

“काका, डबे कुठे गेले?”

“मला काय माहीत, ताई?” ते जमिनीकडे बघत म्हणाले. मग हळूच विचारलं, “हॉस्पिटलातलं बाळ... फारच आजारी आहे का हो?”

“फार.”

“आणि आपलं बाळ? बरं आहे ना? त्या दिवशी लेक तुमचा विसरलेला चष्मा द्यायला आली होती, तेव्हा पाहिलं. अगदी बाहुलीसारखं आहे.”

“मजेत आहे.”

काकांनी सुटकेचा श्वास टाकला. बाईंना बरं वाटलं. एवढ्या धावपळीतही माणसानं आपुलकीनं चौकशी केली, एवढंच त्यांच्या मनात आलं.

साहेबांच्या खोलीचं दार बंद होतं. ही गोष्ट मात्र बाईंना खटकली. पेन्सिल हरवली तरी लेखी खुलासा मागणाऱ्या या माणसानं दोन डबे गायब झाल्यावर काकांना एक प्रश्न विचारला नव्हता. किल्लीबद्दल तर अवाक्षरही नाही.

त्या आपल्या टेबलाशी आल्या. मोरीत न धुतलेल्या काचेच्या बाटल्यांचा ढीग पडला होता. बाटल्या धुणारी मावशी चार दिवस आली नव्हती आणि कुणाला कळवलंही नव्हतं. तिच्यावर चिडायला बाईंना आज फुरसत नव्हती. त्यांनी हॉस्पिटलचा डबा पुन्हा समोर ओढला.

आणि या वेळी आतली पावडर न बघता त्यांनी डबा बाहेरून बघितला.

तीन

डब्याच्या कमरेभोवती बोटभर रुंदीचा चिकट पट्टा होता. काल बाईंना वाटलं होतं, दुकानदारानं काही चिकटवलं असेल. आता त्यांनी भिंग धरलं. पट्ट्यात खाकी कागदाचा नखाएवढा कपटा अडकला होता.

त्यांनी तो नखानं सोडवून उजेडात धरला.

निकाल लागेपर्यंत डबा कुठल्या कंपनीचा आहे हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून काका प्रत्येक डब्याला खाकी कागद गुंडाळून डिंकानं चिकटवत आणि त्यावर फक्त नंबर लिहीत. दुकानातल्या डब्यावर हा डिंक येणार कुठून? कपाटातून गेलेल्या दोन डब्यांतला एक चोवीस तास बाईंच्याच टेबलावर बसला होता.

मग त्यांनी झाकणाखालच्या फॉइलची उरलेली कड बघितली. कारखान्याच्या फॉइलला कडेनं बारीक दाते असतात. ही कड गुळगुळीत होती, इस्त्रीनं दाबल्यासारखी. नमुन्यांची पाकिटं बंद करायला प्रयोगशाळेत तशी एक इस्त्री होती.

म्हणजे डबा प्रयोगशाळेतच कुणीतरी उघडला होता. त्यात काहीतरी घातलं होतं. पुन्हा बंद केला होता. आणि नंतर तो एका बाळाच्या तोंडी गेला होता. बाईंना पहिल्यांदाच आपल्या त्या ओळखीच्या, स्पिरिटच्या वासाच्या खोलीत बसायची भीती वाटली.

नमुन्यावर कधीच नाव नसे, त्यामुळे ते बाळ कुणाचं हे बाईंना ठाऊक नव्हतं. नियमाप्रमाणे विचारायचंही नसे. बाईंनी पर्स उचलली आणि दोन चौक ओलांडून त्या हॉस्पिटलात गेल्या.

मुलांच्या वॉर्डाबाहेर बाकावर एक बाई पदर तोंडात धरून बसली होती. बाईंना पाहून ती धडपडत उठली. ती बाटल्या धुणारी मावशी होती.

“ताई! तुम्ही कशाला आलात? चार दिवसांचा खाडा झाला, पण नातू...” तिनं वॉर्डाच्या दाराकडे बोट केलं. “सुनेला दूध नाही. डबा परवडत नाही. पाणी घालून घालून पाजत होतो. मग काकांनी दिला. देवमाणूस! ‘मुदत संपलेला आहे, फेकूनच द्यायचा, पण ताईंनी तपासलेला माल आहे, डोळे मिटून पाज,’ म्हणाले. तीन आठवडे झाले. बाळानं डबा संपवत आणला आणि हे असं झालं.”

ताईंनी तपासलेला माल. बाईंना मावशीच्या नजरेला नजर देता येईना.

“मावशी, काका असे डबे नेहमी देतात?”

“सगळ्यांनाच ठाऊक आहे, ताई. तुम्हाला तेवढं कुणी सांगत नाही. तुम्ही नियमाच्या ना!” ती घाबरली. “त्यांची नोकरी घालवू नका हो.”

“दुसरा डबा कुणाला दिला?”

“नाव नाही सांगितलं. एका लेकुरवाळीसाठी ठेवलाय, एवढंच म्हणाले.”

बाई वळल्या आणि जवळजवळ पळतच निघाल्या. शहरात कुठेतरी दुसऱ्या एका घरात तो डबा उघडला जात होता.

चार

काका जागेवर नव्हते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते गेले होते आणि त्यांचा फोन स्टुलावरच पडला होता.

बाईंनी दार न वाजवता साहेबांची खोली उघडली. बावीस वर्षांत असं त्या पहिल्यांदाच करत होत्या.

“साहेब, डब्यात ते तुम्ही घातलंत.”

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“गोडबोल्या गुरुवारी आला. डबा त्याच्या आधी दोन आठवडे कपाटातून गेला होता. काकांकडे डबा होता, पण ड जीवनसत्त्वाच्या बाटल्या फ्रिजमध्ये असतात आणि तो फ्रिज दोघंच उघडतात, तुम्ही आणि मी. मी उघडला नाही. आणि सकाळपासून तुम्ही काकांना किल्लीबद्दल काही विचारलं नाहीत, कारण दुसरी किल्ली तुमच्या खिशात आहे.”

साहेब खुर्चीत कोसळल्यासारखे बसले.

“मला तुमची परीक्षा घ्यायची होती,” ते म्हणाले. “तुमचीच नाही, प्रयोगशाळेची. लेबलापेक्षा जास्त माल घातलेला डबा आला तर आपण पकडतो की बिनघोर सही करतो, ते बघायचं होतं. सांगून घेतली तर ती परीक्षा कसली? म्हणून मुदत संपलेले दोन डबे घेतले, पावडरीत ड जीवनसत्त्व मिसळलं, फॉइल लावलं, कागद गुंडाळला आणि जागच्या जागी ठेवले. पुढच्या महिन्यात नवे नंबर टाकून तुमच्या टेबलावर येणार होते. कपाटाला कुलूप आहे. फेकायचे डबे इथून कुणी घरी नेतं, हे मला कुणी सांगितलं होतं का?”

“सकाळी का नाही बोललात?”

“कारण माझ्या डब्यात फक्त दुप्पट होतं! दुप्पटीनं बाळ आजारी पडत नाही. मला वाटलं, हॉस्पिटलचा डबा बाजारातला, माझे डबे वेगळे. मी हिशोब तीनदा केला होता, बाई.”

“कुठल्या बाटलीतून घेतलंत?”

साहेबांनी उठून कोपऱ्यातला फ्रिज उघडला. “ही. तपकिरी.”

“दोन्ही तपकिरीच असतात, साहेब. उजेड लागू नये म्हणून.” बाईंनी बाटलीवरची चिठ्ठी दाखवली. “ही मागची, मूळची. हिला साठपट पातळ केलं की ती पुढची होते. हिशोब पुढच्या बाटलीचा केलात आणि माल मागच्या बाटलीतला घातलात.”

साहेबांच्या हातातली बाटली त्यांनी हळूच काढून घेतली. गेल्या दहा वर्षांत मोजमापाची नळीही हातात न धरलेल्या माणसानं, चांगल्या हेतूनं, कुणाला न सांगता हे केलं होतं. आणि काकांनीही चांगल्या हेतूनं, कुणाला न सांगता.

“आणि दुसऱ्या डब्यात?” बाईंनी विचारलं.

“तेवढंच,” साहेब कुजबुजले. “तो कुणाकडे आहे?”

एक लेकुरवाळी. काकांच्या ओळखीची. बाईंच्या कानात काकांचा तो प्रश्न घुमला, ‘आणि आपलं बाळ? बरं आहे ना?’ आणि त्यानंतरचा तो श्वास. चष्मा द्यायला आलेली लेक. तिचं ते क्षणभर गप्प होणं, आणि ती खडखड.

पावडरीचा डबा उलटा केला तर खडखडत नाही. चिमट्यांचा डबा खडखडतो.

लेकीनं गॅलरीतला, चिमट्यांचा, जुना डबा उचलून त्याचा नंबर वाचला होता. बाळ पीत होतं त्या डब्याचा नाही.

पाच

फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. रिक्षात बसल्या बसल्या बाई पुन्हा पुन्हा तोच नंबर दाबत होत्या आणि मनात दिवस मोजत होत्या. मावशीच्या नातवाला तीन आठवडे लागले. आपल्याकडे किती झाले? लंगोट ओले होते का? परवा बाळानं दूध टाकलं होतं, की नेहमीसारखी गुळणी होती? घरात असून आपण बघितलं कसं नाही?

इमारतीच्या पायरीवर काका बसले होते. डबा त्यांनी छातीशी घट्ट धरला होता आणि ते लहान मुलासारखे रडत होते.

“परत घ्यायला आलो, ताई. मघाशी तुम्ही मजेत आहे म्हणालात, तेव्हा धीर आला होता. पण मन खात राहिलं. मी दोन्ही घरांत...”

बाई त्यांच्याजवळ थांबल्या नाहीत. दोन-दोन पायऱ्या चढत त्या वर गेल्या. लेक दारातच उभी होती, बाळाला खांद्याशी धरून, आणि तिचा चेहरा भीतीनं ओळखू येत नव्हता.

“किती दिवस?”

“पाच. दुपारची एकच बाटली, आई. बाकी माझंच. खरंच एकच.”

“मी सकाळी नंबर विचारला होता.”

“मला वाटलं, तुला कळलं. काका म्हणाले होते आईला सांगू नकोस. मला वाटलं, आता डबा घेऊन परत पाठवशील, पेन्सिल घेऊन पाठवलं होतंस तशी.” लेक हुंदके देऊ लागली. “कशासाठी विचारतेस, तेवढं सांगितलं असतंस तर मी खोटं बोलले असते का गं?”

बाईंकडे याचं उत्तर होतं, नियमाचं.

“चल,” त्या म्हणाल्या. “बाळाला गुंडाळ. ” मग मागोमाग वर आलेल्या काकांकडे त्या वळल्या. “काका, तुम्हीही चला.”

सहा

रक्त घेताना बाळ जीव तोडून रडलं. मग दीड तास काहीच करण्यासारखं नव्हतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मावशी, बाई आणि मांडीवर बाळ घेतलेली लेक शेजारी-शेजारी बसल्या होत्या, समोरच्या बाकावर काका. बाईंनी मावशीला सगळं सांगितलं, साहेबांचं, बाटलीचं, अगदी सगळं. निकाल बाहेर बोलायचा नाही हा नियम त्यांनी त्या बाकावर मोडला. मावशीनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, “दुपारपासून उलटी नाही झाली त्याला. सलाइन लागू पडतंय म्हणतात.” आणि तिनं बाईंचा हात धरला. बाईंना तो हात सोडवेना.

पाचच्या आधी साहेबांचा फोन आला. वेगवेगळ्या दुकानांतून आणलेले त्याच बॅचचे तीन डबे बाईंच्या सहकाऱ्यानं तपासले होते, तिन्ही लेबलाप्रमाणे. शहरात तसे दोनच डबे होते आणि दोन्ही सापडले होते. साहेबांनी स्वतःच्या हातानं सगळी हकिगत लिहून वर पाठवली होती. गोडबोल्या त्यांच्या खोलीत डोकं धरून बसला होता, आनंदानं की रागानं ते त्यांना कळत नव्हतं.

मग डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या. बाईंनी आयुष्यभर आकडे वाचले होते, पण हा कागद त्यांना वाचता येईना. डोळ्यांपुढे सगळं पुसट झालं होतं.

“वरच्या रेषेला टेकलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ओलांडलेलं नाही. ती पावडर बंद. दोन दिवसांनी पुन्हा बघू. पण अजून आठवडाभर गेला असता, तर...”

त्यांनी पुढचं बोलायची गरज नव्हती. लेकीनं बाळाच्या टाळूवर ओठ टेकले. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि चारचौघांत, आवाज करून रडल्या.

त्या शांत झाल्यावर लेक हळूच म्हणाली, “आई, अजून एक सांगायचंय. रागावशील.”

एरवी बाई म्हणाल्या असत्या, रागावण्यासारखं असेल तर करायचंच कशाला. आज त्यांनी नाक पुसलं.

“सांग. रागावले तरी सांग.”

“ती चौथीतली पेन्सिल. मी परत केली, पण काकांनी ती पुन्हा माझ्या दप्तरात टाकली. म्हणाले, आईला सांगू नकोस. ती वर्षभर पुरली मला.”

बाईंनी समोर बघितलं. काकांनी मान खाली घातली. अठरा वर्षं! बाईंना हसू फुटलं आणि पाठोपाठ पुन्हा रडू आलं. त्यांनी नात मांडीवर घेतली, बाकावर मागे टेकून नीट बसल्या आणि लेकीला म्हणाल्या, “आता अजून काय काय आहे ते पहिल्यापासून सांग. मला घाई नाही.”